नांगर उचलायला तू कधीच आला नाहीस

मुकुंदा,

तू गेल्याच्या बाराव्या दिवशी ईशाने मला तुमच्या अजमानच्या फ्लॅटच्या गॅलरीत बोलावलं आणि तिचा फोन माझ्या हातात दिला. आत माणसं बसली होती, वृंदावहिनी सगळ्यांना चहा देत होत्या. मला वाटलं, तुझा एखादा फोटो दाखवत असेल. फोनवर एक ईमेल होती, आपल्या बोटीच्या कप्तानबाईंची, मारितची. उन्हाळ्यात बाबा तुमच्या बोटीवर होते तेव्हा त्यांच्या तब्येतीबद्दल तुम्हाला काय माहीत होतं, असं ईशाने तिला विचारलं होतं. मारितने चार ओळींत उत्तर दिलं होतं. तुमच्या बाबांनी छातीचा थोडा त्रास आहे एवढं सांगितलं होतं, जड काम देऊ नका म्हणाले होते. आणि म्हणाले होते, काळजी नको, माझ्या मित्राला सगळं माहीत आहे, काही कमीजास्त झालं तर तो तुम्हाला सांगेल.

मित्र म्हणजे मी.

"यू न्यू, काका," ईशा म्हणाली. "फेब्रुवारीपासून. यू न्यू, अँड स्टिल यू टुक हिम."

मी ते पुन्हा वाचलं. मग म्हणालो, "ईशा, मला माहीत नव्हतं."

"प्लीज." तिने फोन परत घेतला. "बोटीची डायरी तुम्हीच लिहीत होतात ना? बाबा रोज कसे होते ते सगळं तुमच्या हँडरायटिंगमध्ये आहे. सोळा दिवस. एव्हरी सिंगल डे."

ती आत गेली. तिने दार लावून घेतलं नाही, पण मला आत जावंसं वाटेना. मी खालच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत उभा राहिलो. मोजून झाल्यावर किती होत्या ते आठवेना.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, इथे आखातात किती वर्षं होतास, हे मी लिहीत नाही. ते शोकसभेत वाचून झालं आहे आणि त्यात एकही चूक नव्हती. मला तुला दुसरं विचारायचं आहे. माझं नाव वापरताना तू मला का विचारलं नाहीस?

फेब्रुवारीत तुझ्या हृदयाची तपासणी झाली होती. धडधाकट माणसाचं हृदय एका ठोक्यात आतलं साधारण साठ टक्के रक्त पुढे ढकलतं. तुझं तीस टक्के ढकलत होतं. डॉक्टरांनी तुला प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. हे मला कधी कळलं? ऑक्टोबरात, तू गेल्यावर अर्ध्या तासाने, इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये. डॉक्टर वहिनींशी बोलत होते, मी शेजारी उभा होतो. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की तू कुणालाच सांगितलं नसशील, तुझा स्वभाव तसाच होता. बाराव्या दिवशी कळलं की तू सांगितलं होतंस. कप्तानबाईंना थोडं. वहिनींना सगळं, हे नंतर कळलं. आणि मी जाणतो असं सांगून त्या थोड्यावर माझा शिक्का मारला होतास.

मोजमापाची यंत्रं तपासणं हे माझं काम आहे, तू त्याची एकोणीस वर्षं चेष्टा केलीस. प्रेशर गेज, वजनकाटे, थर्मामीटर. काटा खरं दाखवतो की नाही ते बघायचं आणि पास झालं की तारीख घालून वर पट्टी चिकटवायची. "मोजणीदार" हे नाव तूच मला ठेवलंस आणि मग इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांनी उचललं. तू विक्रीतला माणूस. कुणाला काय सांगितलं की तो हो म्हणेल, हे तुला समोरचा खुर्चीत बसायच्या आधी कळायचं. मला माहीत होतं हे. मला वाटायचं, मी त्यातून वगळलेला आहे.

उम्म अल कुवैनच्या खाडीत आपण शीड हाकायला शिकलो, ती कल्पनाही तुझीच. मी माझ्या घरून, खलिफा सिटीहून, शनिवारी पहाटे निघायचो, दीडशे किलोमीटर येऊन तुला अजमानला उचलायचो. तू कधीही खाली उभा नसायचास. मी फोन केला की, "निघालो, निघालो, लिफ्टमध्ये आहे," आणि मागे वहिनींच्या मिक्सरचा आवाज. मग ती चौदा फुटी बोट, खारफुटीच्या कडेने जाणारं उथळ पाणी, आणि तू: "यल्ला विन्या, सोड दोरी! इतकं काय बघतोस वाऱ्याकडे, तो काय सही करून देणार आहे?" पहिल्या वर्षी आपण अकरा वेळा उलटलो. त्यातले नऊ तुझ्यामुळे. तू म्हणायचास सात.

उत्तरेकडच्या सफरीचं तूच काढलंस, मागच्या डिसेंबरात. नॉर्वेच्याही वर स्वालबार्ड नावाची बेटं आहेत, तिथून एक बेचाळीस फुटी पोलादी शिडाची बोट जुलैत सोळा दिवसांसाठी बर्फाच्या कडेपर्यंत जाते, कप्तान धरून सहा माणसं घेते. मी नाही म्हणालो. तू विचारत राहिलास. जानेवारीअखेर मी हो म्हणालो. फेब्रुवारीत तुझा रिपोर्ट आला. मार्चमध्ये तू माझ्याबरोबर लोकरी मोजे घ्यायला आला होतास, आठवतंय? मी दोन जोड घेतले, तू सहा घेतलेस, दोन साइज मोठे. मी विचारलं, "एवढे मोठे कशाला?" म्हणालास, "थंडीत पाय फुगतात." मी ते खरं मानलं. घरी येऊन माधवीलाही सांगितलं की थंडीत पाय फुगतात.

बोटीवरची माणसं तुला ठाऊकच आहेत, पण मंडळाच्या अंकात हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मारित कप्तान, तिचा एक सहकारी, एक निवृत्त जर्मन जोडपं आणि आपण दोघे. तीन जोड्या, चार-चार तासांच्या पाळ्या. आपली पाळी आठ ते बारा, दिवसातून दोनदा. दोन्ही आठ सारखेच दिसायचे, कारण सूर्य मावळतच नव्हता, नुसता बोटीभोवती फिरायचा. टाकीत चारशे लिटर गोडं पाणी. माणशी रोज चार लिटर धरले तर सोळा दिवसांचे तीनशे चौऱ्याऐंशी, हा हिशोब मी पहिल्याच दिवशी भिंतीला चिकटवला आणि तू खाली लिहिलंस, "उरलेले सोळा लिटर मोजणीदाराच्या आंघोळीसाठी राखीव." आंघोळ कुणीच केली नाही. झोपायच्या फळ्या इतक्या अरुंद की कूस बदलायची तर आधी उठून बसायला लागायचं. आपला श्वासच छताला पाणी होऊन थेंब थेंब अंगावर पडायचा. बर्फाचे तुकडे बाहेरून पत्र्यावर आपटायचे आणि आत पातेल्यावर वरवंटा मारल्यासारखा आवाज व्हायचा. मला पहिले तीन दिवस झोप नाही. तू मात्र मधल्या टेबलाशी बाकावर उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचास. "फळी ओली आहे," म्हणायचास.

फळी ओली नव्हती. तुला आडवं झाल्यावर श्वास घेता येत नव्हता. आता कळतं.

मारितचा एक नियम होता. पाळी संपवून आत येताना प्रत्येकाने स्वतःचा आकडा सांगायचा. दहापैकी आपल्यात किती उरलंय. पाचाच्या खाली असेल तर पुढची पाळी आराम, कुणी काही विचारणार नाही, कुणी हसणार नाही. बोट लहान आहे, थकलेला माणूस ताजा असल्याचं दाखवायला लागला तर सगळे बुडतील, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली. आकडे वहीत लिहायचं काम माझं होतं, वारा, दिशा, हवेचा दाब यांच्या शेजारी. ती वही माझ्याकडे आहे. माझे आकडे चारापासून नवापर्यंत फिरलेले आहेत. जर्मन बाईंचा एकदा तीन आहे. तुझ्या एकोणतीस नोंदी, एकोणतीसही आठ.

काटा इतके दिवस एकाच जागी उभा असेल तर यंत्र बिघडलेलं असतं. हे मी ऑफिसातल्या नव्या माणसांना पहिल्या तासाला सांगतो. तुझ्या बाबतीत मला ते दिसलं नाही. मोठे मोजे दिसले, बसून झोपणं दिसलं, सारखं लघवीला जाणं दिसलं, चढावर मागे राहून फोटो काढणं दिसलं. सगळे आकडे माझ्यासमोर होते, बेरीज मी केली नाही. यातला अर्धा दोष माझा आहे आणि तो मी घेतो. उरलेला अर्धा घ्यायला मात्र तू इथे नाहीस.

आता नांगराबद्दल. तो हाताने फिरवायच्या रहाटाने वर यायचा. चाळीस-पन्नास मीटर साखळी, प्रत्येक कडीला चिखल, गार पाण्याने हातमोजे आतून ओले. तीन माणसं आळीपाळीने लागायची. सोळा दिवसांत आपण सात वेळा नांगर उचलला आणि तू एकदाही आला नाहीस. प्रत्येक वेळी तू त्या झुलत्या शेगडीसमोर असायचास, वहिनींनी दिलेली भाजणी मळत. पाचव्या वेळेला माझ्या तळहाताची सालं निघाली होती. समोर हिमनदीची भिंत होती, निळी, आपल्या कॉर्निशवरच्या, समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या इमारतींएवढी उंच, आणि मी तिच्याकडे बघतही नव्हतो. मी आत येऊन जर्मन जोडप्यासमोर तुला म्हणालो, "लोकांना थालीपीठं वाढून वाहवा घ्यायची आणि साखळी विन्याने ओढायची. कामचोर आहेस तू, मुकुंदा. पहिल्यापासून."

तू उलथनं हातात घेऊन माझ्याकडे बघितलंस. "पहिल्यापासून? आणि एकोणीस वर्षांनी कळलं? भलताच स्लो मोजणीदार निघालास."

"हसण्यावारी नेऊ नको."

"बरं, नाही नेत. आहे मी कामचोर. खलास? आता खा, गरम आहे तोवर."

जर्मन गृहस्थाने विचारलं, हा काय म्हणतोय? तू त्याला गंभीर चेहऱ्याने इंग्रजीत सांगितलंस, "तो म्हणतोय मीठ कमी आहे." त्याने लगेच मिठाची डबी पुढे केली. मी ते थालीपीठ खाल्लं नाही. पुढच्या दोन पाळ्या तुझ्याशी कामापुरतं बोललो. आणि वहीच्या समासात, जिथे कुणी कुणी नांगर उचलला ते मी लिहीत होतो, तिथे पाचव्या वेळेपुढे लिहिलं: "मु. नाही. कामचोर."

तुला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. विन्या, मला जमत नाही रे. एवढंच. मी साखळी दुप्पट ओढली असती. तू ते वाक्य गिळलंस आणि माझं वाक्य माझ्याकडे ठेवलंस, आता ते मला परतही घेता येत नाही.

बाराव्या दिवशी मारितने सगळ्यांना टेबलाशी बसवलं. वारा दक्षिणेचा आणि हलका होता, आणखी दहा तास उत्तरेला गेलो तर बर्फाच्या कडेला पोचू, पण मध्ये आसरा नाही आणि मदत यायला दिवस लागेल. सगळ्यांचे आकडे सहाच्या वर असतील तरच जायचं. मी वहीतून वाचले. तुझा वाचला तेव्हा मारितने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तुझी खात्री आहे, विनायक?" मला वाटलं ती हवेच्या दाबाबद्दल विचारते आहे, कारण सकाळपासून मी त्याच्याच मागे लागलो होतो. मी म्हणालो, "हो. पूर्ण खात्री आहे."

त्या प्रश्नाचा अर्थ मला तुमच्या गॅलरीत कळला. तू माझ्या शेजारीच बसला होतास. तिने काय विचारलं आणि मी काय समजलो, दोन्ही तुला कळत होतं. तुझं हृदय चालेल याची हमी मी देत होतो आणि तू पेल्यातला चहा ढवळत होतास.

याच्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. करायचं का, ते अजून ठरवलेलं नाही.

आणि तरी, ती बर्फाची कड. ऐंशी अंश चौदा मिनिटं उत्तर. इंजिन बंद केल्यावर काही वेळ आपण सगळे कुजबुजतच बोलत होतो, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पाणी तेलासारखं संथ. हिमनदीतून तुटून आलेले तुकडे आजूबाजूला विरघळत होते आणि त्यातली जुनी हवा सुटताना सोड्याच्या बाटलीसारखं फसफसत होती, मैलभर, सगळीकडून. तू पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिलास. मी मागून वही घेऊन आलो. "मोज आता," तू म्हणालास. मी खरंच मोजायला लागलो, किती तुकडे ते, आणि तू इतका हसलास की तुला दोरी धरून खाली बसायला लागलं. मला वाटलं हसून दम लागला. मी वही बंद केली आणि तुझ्याशेजारी बसलो. त्या तासाची नोंद वहीत नाही. माझ्या आयुष्यात ठरलेल्या वेळी न घेतलेली ती एकच नोंद असेल. तू नसतास तर मी उम्म अल कुवैनच्या पलीकडे कधी गेलो नसतो. हे तुला तिथे सांगायला हवं होतं. पण तुला कामचोर म्हटल्याला तीनच दिवस झाले होते आणि आधी माफी तू मागावीस असं मला वाटत होतं.

तेरावा झाल्यावर मी पुन्हा अजमानला गेलो, एकटा, दुपारी, ईशा ऑफिसला असताना. वहिनी पालक निवडत होत्या. मी विचारलं, "वहिनी, मला माहीत नव्हतं हे तुम्हाला तरी ठाऊक असणार. ईशाला सांगितलंत का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"का?"

"त्यांनी शब्द घेतला होता माझ्याकडून, भाऊजी. तुम्हाला आणि ईशाला कळता कामा नये."

"तो आता राहिला नाही."

"म्हणून शब्द सुटतो का?" त्यांनी पुढची काडी निवडली. "मी भांडले हो त्यांच्याशी. रोज भांडले. म्हणाले, ईशा रडेल आणि विन्या आकडे मांडेल. रडण्याची समजूत काढता येते, विन्याच्या आकड्यांना माझ्याकडे उत्तर नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं असं तुला वाटत असेल तर वाटलं नाही.

"मग तिला वाटू दे म्हणता, मीच त्याला घेऊन गेलो?"

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली. "तुमच्यावर रागावली तर तुम्ही सोसाल. बापावर रागावली तर कुठे जाईल ती? आणि मी गप्प बसले होते हे कळलं तर माझ्याकडे तरी येईल का? तुम्ही काका आहात. वर्ष-दोन वर्षांनी येईल ताळ्यावर. एवढं करा माझ्यासाठी."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो. परतीचे दीडशे किलोमीटर मी खरोखरच विचार केला. पोरगी माझ्यासमोर वाढली. तिला सायकल मी शिकवली, कारण तू त्याही सकाळी लिफ्टमध्येच होतास. वर्ष-दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही तर मी मरणार नव्हतो. घरी माधवीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सोसाल हो. पण ती उद्या कुणाला तरी सांगेल की बाबांच्या मित्राने बाबांना नेलं. मग नवऱ्याला सांगेल, मुलांना सांगेल. खोटं पाठ होईल तिचं." मग म्हणाली, "आणि तुमच्याकडून कुणी शब्द घेतलाय?"

तिथे मी थांबलो. तू मारितला माझं नाव सांगून बांधलंस, वहिनींना शब्द घेऊन बांधलंस. माझ्याकडून काहीच घेतलं नाहीस, कारण मला काही सांगितलंच नाहीस. तुझं गुपित पाळायचं बंधन नव्हतं ते एकट्या माझ्यावर. इतका विचार करून वागणारा तू, तुझ्या हे लक्षात आलं नाही.

मी वहिनींना फोन करून सांगितलं की मी ईशाला सांगणार आहे, आणि तुम्ही आधी सांगितलंत तर जास्त बरं. त्या म्हणाल्या, "मला जमणार नाही." मी म्हणालो, "मग मी सांगतो." त्यांनी फोन ठेवला.

ईशा भेटायला तयार नव्हती. खाडीवरच्या क्लबात तुझं कपाट रिकामं करायचं होतं, त्यासाठी आली. एका खोक्यात तुझी टोपी, सनस्क्रीन, तीन वेगवेगळे हातमोजे भरले. मग मी वही तिच्यापुढे ठेवली.

"मी सिद्ध करू शकत नाही," मी म्हणालो. "माहीत नव्हतं याचा पुरावा नसतो. पण हे वाच." आणि समासातली ती नोंद दाखवली.

तुझ्याबद्दल मी लिहिलेला तो शब्द मी तुझ्या मुलीला दाखवत होतो. माझा निर्दोषपणा माझ्या कोत्या मनाच्या नोंदीवर उभा होता. दुसरा पुरावा नव्हता. तिने वाचलं. पहिल्यापासून सातही नोंदी वाचल्या, बोट फिरवत. मग मी तिला थालीपीठाचं सांगितलं. जर्मनाच्या मिठाचं सांगितलं. मारितने मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

"सो ही लेट यू कॉल हिम दॅट," ती म्हणाली. "आणि मग म्हणाले मीठ कमी आहे?"

"हो."

ती हसली. मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

हाच प्रश्न मला नको होता. मी हो म्हणालो.

तिने खोक्याची झाकणं दुमडली. "काका, बाबांनी तुम्हाला सांगितलं असतं तर? वुड यू हॅव स्टॉप्ड हिम?"

"हो. बोटीवर पाय ठेवू दिला नसता."

"मी पण. आय वुड हॅव हिडन हिज पासपोर्ट." मग म्हणाली, "म्हणजे ही वॉज राइट? आम्हाला न सांगण्यात?"

मुकुंदा, मी याचं उत्तर तिथल्या तिथे दिलं आणि अजून ते बदललेलं नाही. मी म्हणालो, "नाही. आपण अडवलं असतं, तो भांडला असता. महिनाभर भांडला असता. कदाचित जिंकलाही असता, त्याला लोकांना पटवता यायचं. मग मी त्याच्याबरोबर गेलो असतो आणि दर पाळीला त्याची नाडी मोजली असती. ते भांडण तुझं आणि माझं होतं. ते त्याने आपल्याला करू दिलं नाही."

जाताना ती खोकं माझ्या गाडीत ठेवून म्हणाली, "हे तुमच्याकडे ठेवा. घरी नको." आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकून दोन-तीन सेकंद उभी राहिली.

हे लिहून झाल्यावर दोघींनाही वाचायला पाठवलं, कारण यात त्यांच्या घरातलं आहे. ईशाने एक स्पेलिंग सुधारलं, स्वतःच्याच बोलण्यातलं. वहिनींनी एका शब्दात कळवलं: "छापा."

पण त्या दोघी एका घरात राहून एकमेकींशी बोलत नाहीत. तीन आठवडे झाले. ईशा ऑफिसातून येते, खोलीत जाते. वहिनी ताट झाकून ठेवतात. खरं सांगितलं म्हणून हे झालं, आणि सांगणारा मी. मला हे आधी दिसत होतं, तरी सांगितलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. मात्र हे असं सोडूनही देता येत नाही.

येत्या शनिवारी मी आणि माधवी अजमानला जेवायला जातो आहोत. वहिनींना सांगितलंय, चौघांचं एकाच टेबलावर वाढा. ईशाला सांगितलंय, वाटलं तर ये, पण तुझी खुर्ची मी काढून ठेवणार. काय बोलायचं ते मला सुचत नाहीये. तू असतास तर दोन वाक्यांत कुणाला तरी हसवलं असतंस आणि कोशिंबीर पुढे सरकवली असतीस. मला ते येत नाही. मी वाढलेलं संपेपर्यंत तिथेच बसून राहणार आहे, कुणी बोलो न बोलो.

हे काम तुझं होतं, मुकुंदा.

विनायक